ट्रकसोबत गॅसवर स्वैपाक जमतो, पण रात्री केबिनमध्ये ऊब त्याच्यावर का घ्यायची नाही

औश्याच्या एका ड्रायव्हर भावानं विचारलंय, की लातूरहून तूरडाळ भरून दिल्लीला जातो, कधी तिथनं पुढं जम्मूपर्यंत, येताना सफरचंद. डिसेंबर-जानेवारीत रात्री केबिनमध्ये हातपाय बधिर होतेत. पाच किलोचा सिलेंडर स्वैपाकाला सोबत असतोच, तर सिलेंडरच्या डोक्यावर बसणारा तो जाळीचा गॅस हीटर घेतला तर चालेल का, का आहे तीच शेगडी बारीक करून ठेवावी, काच दोन बोटं उघडी ठेवली म्हणजे झालं ना. सोबत सिलेंडरचे दोन फोटो पण दिलेत, त्याच्याबद्दल शेवटी बोलतो.

मी सोळा वर्षं स्टेअरिंगवर काढली, त्यातली निम्म्याहून जास्त नागपूर-सागर-झाशी-आग्रा लाईनला, आणि आता अकरा वर्षं झाली लातूरला बॉडी बांधायचं शेड टाकून. केबिनमागची बर्थ, भांड्यांची पेटी, टूलबॉक्स असली कामं रोजची. म्हणजे हे सगळं करून भोगून पण बघितलंय आणि दुसऱ्यांनी काय काय करून ठेवलेलं असतंय ते पण रोज बघायलो, म्हणून जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन वाचा.

तुमचा प्रश्न हीटर कुठला घ्यावा असा दिसायलाय पण खरी गोची वेगळीच आहे. स्वैपाक आणि ऊब ही दोन कामं तुम्ही एकाच सिलेंडरवर टाकायलात. स्वैपाक म्हणजे अर्ध्या तासाचा खेळ, माणूस जागा, डोळे जाळावर, वास आला तर लगेच नाकाला कळतंय, हात नॉबपाशीच. ऊब म्हणजे पाच-सहा तास, काचा वर, पडदे ओढलेले, आणि माणूस वाकळीत घोरत पडलेला. जाळ तोच हो, पण राखण करणारा कोणीच नाही. स्वैपाकाचं मी तुम्हाला नीट बसवून देतो, तिथं माझी ना नाही. झोपताना केबिनमध्ये जाळ, मग तो हीटर असो, शेगडी असो का घमेल्यातले निखारे, त्याला माझं उत्तर सरळ नाही असंच आहे, आणि का ते खाली सांगतो, नुसतं नाही म्हणून सोडत नाही.

आता काही गोष्टी ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर असतेत हे आधीच कबूल करतो. तुम्ही लातूर-नांदेड-जालना एवढ्यातच फिरत असाल तर गॅस बाळगायची गरजच नाही, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरनं घ्या, एक टाइम ढाबा, झालं. महिना महिना बाहेर असणाऱ्याला रोज ढाबा परवडत नाही आणि पोटालाही झेपत नाही हे मला ठाऊक आहे, घरच्या येसराची आमटी आणि गरम भात मिळाला की माणूस माणसात येतो. गाडी कंपनीच्या स्लीपर केबिनची आहे का आपल्याकडं बांधलेली लाकडी केबिन आहे, एकटे असता का क्लीनर सोबत, माल कुठला, ह्यानं पण फरक पडतो. लाकडी केबिनला फटी जास्त, कंपनीच्या केबिनला दारांचे रबर असे बसलेले असतेत की दार लावताना कानात दडा बसतो. नवी गाडी घेतलेला माणूस म्हणतो जुन्या गाडीत दहा वर्षं शेगडी लावून झोपलो काही झालं नाही, अरे बाबा जुनी गाडी चाळणी होती म्हणून वाचलास.

माझं स्वतःचं सांगतो. २००९ चा जानेवारी, ललितपूरच्या अलीकडं, धुकं असलं की बोनेटच्या पुढचं दिसंना, म्हणून ढाब्याच्या कडेला गाडी लावली. जेवण झालं, शेगडी गिअरच्या मागं इंजिनच्या डबड्यावरच होती, क्लीनर पोरगा म्हणला उस्ताद राहू द्या बारीक, लई गार आहे. राहू दिली. वर बर्थवर तो, खाली सीटवर मी. रात्री कधीतरी मला लघवीला म्हणून जाग आली, म्हणजे पुरती जाग पण नाही, डोक्यात घण घालायलेत असं दुखत होतं, तोंडाला पाणी सुटलेलं, उलटी येईल असं. मला वाटलं जेवणातनं काहीतरी बाधलं. उठायला गेलो तर पाय माझे नव्हतेच. दाराचा हँडल हाताला लागला पण ओढायची ताकद येईना, शेवटी खांदा टाकला तसं दार उघडलं आणि मी सरळ खाली पडलो, फुटबोर्डाच्या कडेनं नडगी सोलली, ती खूण अजून आहे. गार हवेत पाच-दहा मिनिटं गेल्यावर डोक्यात उजेड पडला की पोरगा वर आहे. हाका मारल्या तर हूं का चूं नाही. ढाब्यावरच्या दोघांनी पाय धरून ओढून काढला. वाचला तो, सकाळपर्यंत दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. शेगडी तोवर निळी राहिली नव्हती, पिवळट जीभ काढून जळत होती आणि काचांवरनं आतल्या बाजूनं पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

ती पिवळी ज्योत आणि त्या धारा, सगळं कारण त्यातच आहे. केबिनचं माप घेऊन बघा, रुंदी सव्वादोन मीटर, खोली दीड-पावणेदोन, उंची दीडच्या आसपास, म्हणजे पाच-साडेपाच घनमीटर हवा, दोन मोठी कपाटं समजा. एक किलो गॅस नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते. तुमचा जाळीचा हीटर एका जाळीचा असला तरी तासाला शंभर ग्रॅमच्या घरात गॅस खातो. केबिन अगदी हवाबंद धरली तर एका तासात आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरनं १५-१६ वर येतो. खरी केबिन एवढी बंद नसते, फटीतनं हवा येत राहते, म्हणून तर काल काही झालं नाही परवा काही झालं नाही असं म्हणणारे लोक भेटतेत. पण ऑक्सिजन कमी पडायला लागला की गॅस अर्धवट जळतो, आणि अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं जे हिमोग्लोबिन आहे त्याला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे एकदा जागा धरली की उठायचं नाव नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पाय जातेत. जागा माणूस निदान डोकं दुखलं म्हणून दार तरी उघडतो, झोपलेल्याला ती झोपच गाढ होत जाते.

आणि पाण्याचं म्हणाल तर एक किलो गॅस जळाला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. रात्रभरात सहाशे ग्रॅम जाळला तर जवळपास लिटरभर पाणी केबिनमध्ये सोडलं तुम्ही. ते काचेवर, छताच्या पत्र्यावर, वाकळीत जाऊन बसतं, पहाटे शेगडी बंद झाली की तीच ओली वाकळ अंगाला बर्फासारखी लागते. म्हणजे जिवाची जोखीम घेऊन वर पहाटे जास्तच गारठायचं.

काच दोन बोटं उघडी ठेवायचं. हे सगळेच सांगतेत, मीही सांगायचो. त्यात भानगड अशी, की रात्री तीनला ज्याला गार लागतं तो अर्धवट झोपेत काच वर करतो आणि सकाळी त्याला आठवत पण नाही. दुसरं म्हणजे एकाच बाजूची फट असली आणि वारं पडलेलं असलं, धुक्यात तर वारं पडलेलंच असतं, तर हवा ये-जा करतच नाही. समोरासमोरच्या दोन्ही काचा चांगल्या चार-पाच बोटं उघड्या ठेवल्या तर हवा खेळेल, पण मग ऊब कशाची राहते, सगळी ऊब तर बाहेरच गेली. म्हणून मी म्हणतो हा हिशोबच जुळत नाही. फट पुरेशी ठेवली तर हीटरचा उपयोग नाही, उपयोग व्हावा एवढी बंद केली तर जीव धोक्यात.

निखाऱ्याचं पण लगेच सांगून टाकतो कारण जम्मू लाईनला तीच पद्धत आहे, धूर संपलेले लाल निखारे घमेल्यात घेऊन केबिनमध्ये ठेवायचे. धूर नाही म्हणजे धोका नाही असं वाटतं. उलट तो गॅसपेक्षा वाईट, निखारा कार्बन मोनॉक्साईड सोडतच असतो, ज्योत असो नसो. दर थंडीत पेपरात दोघं-तिघं केबिनमध्ये गेल्याची बातमी येते ती बहुतेक ह्याचीच असते.

मग ऊब आणायची कुठनं. पैशाच्या क्रमानं सांगतो. सगळ्यात स्वस्त म्हणजे झोपायच्या आधी बाहेर शेगडीवर पाणी तापवा, रबरी पिशवी असेल तर तिच्यात, नसेल तर जाड स्टीलच्या बाटलीत भरून फडक्यात गुंडाळा आणि पायाशी घ्या. हसू नका, पाय गरम असले की झोप लागतेच, दोन बाटल्या असल्या तर पहाटेपर्यंत काम भागतं. अंगाखाली पण जाड काहीतरी पाहिजे, लोक वरनं तीन पांघरुणं घेतेत आणि खाली रेक्झिनची सीट, अर्धी गारठ तिथनंच चढते. खाली एक वाकळ, वर एक, कानटोपी, कोरडे मोजे, दिवसभरचे घामेजलेले मोजे काढून टाका. समोरच्या काचेला आतनं जाड पडदा किंवा तो चांदीसारखा फोमचा शीट लावा, गारठा सगळ्यात जास्त काचेतनं येतो. आमच्याकडं केबिन आली की दाराचे पत्रे उघडून आत फेल्ट भरून देतो, छताला पण, दीड-दोन दिवसाचं काम, पण ते उन्हाळ्यात पण कामाला येतं, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पत्रा तापून केबिनची भट्टी होते तेव्हा दुवा द्याल.

गाडीला कंपनीचा हीटर असेल, एसी केबिनवाल्या बऱ्याच गाड्यांना असतो, तर झोपायच्या आधी अर्धा तास चालवून केबिन आणि अंथरूण गरम करून घ्या आणि इंजिन बंद करून झोपा. रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपायचं मी सांगणार नाही. डिझेल तासाला दोन-तीन लिटर जातं ते सोडाच, सायलेन्सर कुठं फुटलेला असला, गाडी भिंतीला खेटून लावलेली असली का शेजारच्या गाडीचा धूर आपल्या दारावर येत असला तर तो पण आतच येतो.

आणि नेमानं हिवाळाभर तिकडंच जाणं असेल, मालकाची तयारी असेल, तर डिझेलवर चालणारा पार्किंग हीटर बसवा. वेबॅस्टो, एबरस्पेचर ही त्यातली जुनी नावं, आता चिनी पण भरपूर आलेत आणि किंमतीत लई फरक आहे. ह्याच्यात पण जाळच असतो, पण तो बंद डब्यात, जळायला हवा बाहेरनं घेतो आणि धूर नळीनं बाहेर सोडतो, केबिनमधली हवा फक्त त्या डब्याच्या अंगावरनं फिरून गरम होते, जाळाला तिचा स्पर्श नाही. गॅस हीटर आणि ह्याच्यात हाच जमीन-अस्मानाचा फरक. डिझेल पण कमी, दोन किलोवॅटचा असला तर तासाला पाव लिटरच्या आत. मात्र बसवणारा शहाणा पाहिजे. मागच्या हिवाळ्यात एक गाडी आली होती, कोणीतरी हीटर बसवलेला, धुराची नळी केबिनच्या मजल्याखालीच सोडून दिलेली आणि मजल्याला गिअर लिव्हरपाशी बुक्कीएवढं भोक. म्हणजे एवढा खर्च करून पुन्हा तेच. नळी चेसिसच्या बाहेरच्या अंगाला काढायची, तोंड खाली आणि मागं, दार-काच-हवेच्या जाळीपासून लांब, वायरिंग आणि एअर पाईपला चिकटू द्यायची नाही कारण ती जाम तापते. आणि २४ व्होल्टच्या गाडीला २४ व्होल्टचाच घ्या, एका बॅटरीवरनं १२ व्होल्ट काढून चालवायचे धंदे करू नका, ती बॅटरी आधी मरते.

सोबत कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म घ्या, सेलवर चालणारा, झोपायच्या जागी डोक्याच्या उंचीला लावायचा. गॅस गळतीचा अलार्म वेगळा, तो खाली मजल्याजवळ लागतो. दुकानदार एकच दाखवून दोन्हीचं काम करतो म्हणला तर डब्यावर वाचून घ्या. आणि अलार्म आहे म्हणून शेगडी लावून झोपायचं असं कोणी करू नका, हात जोडतो.

आता स्वैपाकाकडं येतो. हे मी मनापासून सांगतो कारण ह्यात लोक थोडक्यासाठी चुकतेत.

एलपीजी हवेपेक्षा जड आहे, दीड ते दोन पट. गळला की वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि खोलगट जागी साठतो. केबिनमध्ये खोलगट जागा कुठली, क्लच-ब्रेकच्या पायाशी, सीटखाली. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की तो पेट घ्यायच्या लायकीचा होतो. आपल्या त्या पाच घनमीटरच्या केबिनचा हिशोब केला तर दोनशे ग्रॅम गॅस पुरतो, पाव किलोपेक्षा कमी, आणि तो सगळा खालीच साठला असेल तर त्याहून कितीतरी कमीत काम होतं. सकाळी उठून स्टार्टर मारला, एक ठिणगी, बस. म्हणून सिलेंडर सीटखाली किंवा बर्थखाली ठेवायचा नाही, तो केबिनच्या बाहेर.

आम्ही काय करतो, डाव्या बाजूला चेसिसला भांड्यांची पेटी असते तिच्यातच पत्र्याची आडभिंत घालून सिलेंडरला वेगळा कप्पा करून देतो. तळाला अंगठा जाईल एवढी सहा-सात भोकं, वर झाकणाखाली दोन-तीन, आतनं जाळी लावायची म्हणजे चिखल उडत नाही. गळला तरी खाली रस्त्यावर पडून उडून जाईल. सिलेंडर उभाच, आडवा कधी नाही, आडवा ठेवला की वाफेऐवजी पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये येतो आणि भडका उडतो. दोन पट्टे, एक खाली एक वर. बॅटरीचा डबा, सायलेन्सर आणि डिझेलची टाकी ह्यांच्यापासून पेटी जेवढी लांब बसेल तेवढी बरी, काही गाड्यांना जागाच नसते तिथं काय तडजोड करायची ते गाडी बघूनच ठरतं. गाडी हलली की रेग्युलेटर काढून सिलेंडरच्या तोंडाला ती दोरीवाली टोपी लावायची. हे मी शंभर जणांना सांगतो आणि नव्वद जणांची टोपी दुसऱ्या खेपेला हरवलेली असते.

शेगडी खाली जमिनीवर, गाडीच्या आडोशाला, वाऱ्याच्या उलट्या बाजूनं. आडोसा पत्र्याचा करा पण चारी बाजूनं बंद करू नका. सिलेंडर आणि शेगडी नळीच्या लांबीएवढी तरी लांब. नळी ती केशरी सुरक्षा नळीच, तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदला म्हणतेत, पण गाडीवरची नळी उन्हात, डिझेलात, उंदरात असते, मी दोन वर्षांवर ठेवत नाही. दुमडून बघा, बारीक चिरा दिसल्या की गेली. रेग्युलेटर एजन्सीतनं त्या सिलेंडरचाच. ढाब्याच्या भट्टीला लागतो तो जास्त प्रेशरचा चावीवाला रेग्युलेटर घरगुती शेगडीला लावायचा नाही.

साबणाचं पाणी मात्र दर खेपेला. वाटीत चिमूटभर पावडर, फेस करायचा, बोटानं किंवा जुन्या ब्रशनं रेग्युलेटरच्या गळ्याला, नळीच्या दोन्ही टोकांना आणि शेगडीच्या नॉबच्या दांडीला लावायचा, शेगडी बंद आणि रेग्युलेटर चालू ठेवून. मग दम धरून बघायचं. मोठी गळती असली तर फुगा लगेच येतो, बारीक असली तर मोहरीएवढे बुडबुडे हळूहळू एकाला एक चिकटत रांग धरतेत, अर्धा मिनिट लागतो. लोक पाच सेकंद बघून पुसून टाकतेत. बहुतेक वेळा चोर निघतो तो सिलेंडरच्या तोंडातला काळा रबरी वॉशर, वाळून कडक झालेला, नाहीतर अर्धा तुटलेला. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्या भुवया बघून ओळखू येतेत.

ज्योत निळी पाहिजे. भांड्याला काजळी धरायली, ज्योत पिवळी झाली की बर्नरच्या खालच्या हवेच्या भोकात धूळ नाहीतर कोळ्याचं जाळं असतं, रस्त्यावरच्या शेगडीत हे लई होतं, ब्रश मारून फुंकून घ्या. काश्मीरकडं दुसरी तऱ्हा, तिथं शून्याच्या खाली पारा गेला की गॅसच वर येईना होतो, कारण आपल्या सिलेंडरातल्या ब्युटेनची वाफ शून्याच्या आसपास व्हायची थांबते. मग लोक सिलेंडर शेगडीजवळ सरकवतेत, टेंभा धरतेत, हे बघून माझ्या पोटात गोळा आला होता. असं झालं तर कोमट, हाताला सोसेल एवढ्या पाण्यात तळ बुडवा किंवा सरळ ढाब्यावर जेवा.

पाऊस लागला आणि केबिनमध्येच चहा करायची वेळ आली तर? मी पण केलाय, खोटं कशाला बोलू. दोन्ही दारं उघडी, सिलेंडर खाली बाहेर, शेगडी सपाट जागी, पडदे आणि वाकळ बाजूला, माणूस हलायचा नाही, दहा मिनिटांत चहा, लगेच बंद, आणि बंद करताना आधी रेग्युलेटर मग शेगडी म्हणजे नळीतला गॅस जळून जातो. ह्याच्यापुढं भात, वरण, कुकर केबिनमध्ये नको.

सिलेंडर कुठला हा प्रश्न मोठा आहे. बाजारात दोन-तीन किलोचे ते डोक्यावरच बर्नर बसवलेले बारके सिलेंडर मिळतेत आणि गल्लीत कोणीतरी घरगुती सिलेंडरमधनं बांसुरी, म्हणजे एकातला गॅस दुसऱ्यात उतरवायची नळी, लावून भरून देतो. त्यात किती भरलं ह्याचा हिशोब नसतो. कंपनी सिलेंडर काठोकाठ भरत नाही, वर जागा सोडते, कारण ऊन लागलं की पातळ गॅस फुगतो. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात बंद पेटीत काय तापमान होतं तुम्हाला माहितीय, तिथं जास्त भरलेला सिलेंडर म्हणजे बॉम्बच. वर बर्नर सिलेंडरच्याच डोक्यावर, म्हणजे जाळ आणि गॅसमध्ये वीतभर पण अंतर नाही. त्यापेक्षा पाच किलोचा अधिकृत, इंडियन ऑइलचा छोटू म्हणतेत तो किंवा बाकीच्या कंपन्यांचा तसलाच, एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ओळखपत्र दाखवून मिळतो. घरचा सव्वाचौदा किलोचा, म्हणजे १४.२ चा लाल सिलेंडर गाडीत घालून नेऊ नका, तो नियमात पण बसत नाही आणि काही झालं तर विमावाला हात वर करायला मोकळा.

मालाचं एकच सांगतो. कापसाच्या गाठी, सरकी, पाचटाच्या आसपास लागलेली उसाची लाईन, जिनिंगचं आवार, तिथं शेगडी पेटीतनं बाहेरच काढायची नाही, मग दोन दिवस नंबर लागो. टँकर किंवा पेट घेणारा माल असेल तर सिलेंडर गाडीत पाहिजेच कशाला.

वास आला तर. दिव्याचं बटण, फॅन, चावी, मोबाईल, कशालाच हात लावायचा नाही, चालू पण करायचं नाही आणि बंद पण. दोन्ही दारं सताड उघडा, हाताला येत असेल तर सिलेंडर बंद करा, माणसं लांब. गॅस खाली बसलेला असतो म्हणून बऱ्याच वेळानं पुठ्ठ्यानं झाडल्यासारखं करून पायातली हवा बाहेर ढकला, मगच आत जा. गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे, लांब जाऊन लावा. सिलेंडरच्या तोंडाशीच ज्योत लागली आणि बंद करता येईना तर ती विझवायच्या मागं लागू नका, विझली आणि गॅस सुटत राहिला तर त्याहून मोठं होतं, लांब व्हा, लोकांना लांब ठेवा, ११२ लावा.

आणि कोणी केबिनमध्ये बेशुद्ध सापडला तर आधी त्याला उघड्या हवेत ओढा, शेगडी नंतर. दारू पाजून गरम करायचे उद्योग नकोत. महाराष्ट्रात असाल तर १०८, बाहेर ११२. दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा की बंद केबिनमध्ये गॅस नाहीतर निखारे जळत होते. हे मुद्दाम सांगायलो, कारण बोटाला लावतेत ते ऑक्सिजन मोजायचं मशीन ह्या विषात फसतं, त्याला कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं रक्त पण ऑक्सिजनचंच वाटतं आणि ९८-९९ दाखवतं, मग नवखा माणूस म्हणतो झोपू द्या त्याला, थकलाय. ललितपूरच्या त्या रात्री आमच्या क्लीनर पोराला असंच परत पाठवणार होते, ढाब्यावाल्यानं शेगडीचं सांगितलं म्हणून थांबवलं.

आता तुमच्या फोटोंचं. पहिल्या फोटोत सिलेंडर ड्रायव्हर सीटच्या मागं दोरीनं बांधलेला दिसतोय आणि रेग्युलेटर लावलेलाच आहे, त्याचं वर लिहिलंच. दुसऱ्यात वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर इंग्रजीत डी-२४ दिसायलंय. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, पुढं वर्ष. म्हणजे तुमच्या सिलेंडरची चाचणी डिसेंबर २०२४ पर्यंतची होती, ती उलटून गेली. निघायच्या आधी एजन्सीत नेऊन बदलून मागा, आणि नवा घेताना तिथंच ती पट्टी वाचा, टोपी उघडून आतला वॉशर बघा, शाबूत आहे का. जुनी टोपी दोरीसकट परत देऊ नका, काढून ठेवा, जादाची लागतेच.